कागदावरचा सूर आणि धाराशिवचा संबळ

मराठी माणसांनी संगीताला वाहिलेली मासिके काढायला सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे लागे. पाणी भरावे, तंबोरे पुसावेत, आणि गुरू गाईल ते कानात साठवावे, अशी ती रीत होती. तिथे कागदाला काम नव्हते. चीज लिहून घेतली तरी ती शब्दांपुरतीच, आणि कित्येक गवयी तेवढीही लिहू देत नसत.

ही घडी दोन गोष्टींनी बदलली. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला आणि गाणे हा शिकलेल्या गृहस्थांच्या चर्चेचा, व्याख्यानांचा विषय झाला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. नाटकाची पदे घरोघर गुणगुणली जाऊ लागली, पदांची पुस्तके विकली जाऊ लागली, आणि ऐकलेले गाणे घरी जाऊन कागदावर पुन्हा पाहावे असे वाटणारा नवा वर्ग उभा राहिला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मुंबईत ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिक चालवले ते याच काळात. दम्यामुळे बुवांना मुंबई सोडावी लागली आणि मासिक थांबले. एका माणसाच्या प्रकृतीवर आणि पदरच्या पैशावर मासिक उभे राहावे आणि त्याच्याबरोबरच खाली बसावे, हे मराठी नियतकालिकांत पुढेही वारंवार घडत आले आहे.

बुवांचे मिरजेचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी हे काम फार मोठ्या पायावर नेले. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाले होते. याच माणसाने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपी बसवली, ती छापण्यासाठी स्वतःचा छापखाना घातला आणि ‘संगीतामृतप्रवाह’ हे हिंदी मासिक सुरू केले. ज्याला बारीक अक्षर वाचणे कठीण, त्याने टिंबांच्या आणि रेघांच्या आधारे संगीत छापायचे ठरवले, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. त्यांचा विचार सरळ होता. शाळा काढायची तर क्रमिक पुस्तक हवे, पुस्तक हवे तर लिपी हवी, आणि लिपी हवी तर ती जुळवणारा कंपोझिटर हाताशी हवा.

लिपीचा प्रश्न किती नाजूक होता हे एका टिंबावरून कळते. विष्णु नारायण भातखंडे यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे दुसरी स्वरलिपी रूढ केली. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते, तीव्र मध्यमावर उभी रेघ येते, मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब आणि तार सप्तकातल्या स्वरावर टिंब. पलुस्कर पद्धतीत मात्र स्वरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि उभी रेघ तार सप्तक. म्हणजे डोक्यावर टिंब असलेला तोच ‘सा’ एका पुस्तकात वरचा आणि दुसऱ्या पुस्तकात खालचा. एका पद्धतीवर शिकलेल्या मुलाच्या हाती दुसऱ्या पद्धतीचे मासिक पडले, तर ते त्याला वाचता तर येई, पण चुकीचे वाचले जाई.

भातखंडे पद्धत पुढे अधिक पसरली. तिची शिस्त आणि पाठ्यपुस्तकांचा मोठा संच हे त्याचे कारण होतेच, पण ती छापायला सोपी होती हेही विसरता येत नाही. वरच्या टिंबाला अनुस्वार चालतो, खालच्या टिंबाला नुक्ता चालतो. देवनागरीच्या जुळणीत हे दोन्ही असतातच. आजही संगणकावर तार षड्ज लिहिणारे सर्रास ‘सां’ असेच टंकतात. कोमल-तीव्राच्या रेघांसाठी युनिकोडमधली वैदिक स्वरांची चिन्हे, अनुदात्ताची आडवी आणि उदात्ताची उभी रेघ, उपयोगी पडतात.

पलुस्कर १९३१ साली वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मंडळाचे मुखपत्र ‘संगीत कला विहार’ १९४७ मध्ये सुरू झाले, आणि मिरजेशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. बी. आर. देवधर हे त्याच्या संपादनाशी जोडलेले मोठे नाव. उत्तम गवई आणि चौकस श्रोता असलेल्या देवधरांनी लिहिलेली गायक-वादकांची शब्दचित्रे पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आली. मोठा उस्ताद रियाज कसा करतो, चिडतो कसा, शिष्याला काय देतो आणि काय हातचे राखतो, हे त्यांनी जवळून पाहून लिहिले. संगीतावरचे चांगले मराठी गद्य म्हणजे काय याचा तो वस्तुपाठ आहे. उत्तरेत हाथरसहून ‘संगीत’ हे हिंदी मासिक १९३५ पासून निघत होते, तेही महाराष्ट्रातल्या संगीत शिक्षकांच्या परिचयाचे होते.

या मासिकांचा मुख्य वाचक होता परीक्षार्थी. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या चढणाऱ्या मुलामुलींना रागाचा आरोह-अवरोह, वादी-संवादी, गानसमय आणि स्वरलिपीत बांधलेली बंदिश हवी असे. पानाची मांडणीही त्याच गरजेतून ठरली. वर रागनाम, खाली माहितीची चौकट, त्याखाली तालाच्या मात्रांप्रमाणे पाडलेले रकाने; समेवर फुली, खालीवर शून्य, टाळ्यांवर आकडे. सोळा मात्रांचा त्रिताल असेल तर स्वरांच्या ओळीखाली शब्दांची ओळ अशी बसवावी लागते की प्रत्येक अक्षर नेमक्या मात्रेखाली यावे. जिथे अक्षर लांबते तिथे अवग्रह, जिथे स्वर लांबतो तिथे आडवी रेघ. एक खिळा सरकला तर सम चुकते. या रकान्यांचे देखणेपण वेगळेच असते, आणि ते घडवणाऱ्या जुळाऱ्यांची नावे अंकात कुठेही नसत.

तरुणांसाठी म्हणून वेगळे मासिक काढण्याची कल्पना मराठीत आली ती दुसऱ्या वाटेने. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले; त्यापाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, त्यामुळे मुखपृष्ठ, अक्षराचे वळण, चित्र आणि मजकूर यांचा मेळ या मासिकांत मुद्दाम साधलेला दिसतो. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी दिवाळी अंकांना घराघरांत नेले. ‘मनोहर’ तरुण वाचकाच्या आवडीनिवडीकडे वळले, पण निव्वळ संगीतासाठी आणि निव्वळ तरुणांसाठी असे मराठी मासिक मूळ धरू शकले नाही. चित्रपटाच्या गाण्यांना चित्रपट-मासिकांनी जागा दिली, शास्त्रीय गाण्याला परीक्षेच्या मासिकांनी. गावच्या जत्रेत वाजणाऱ्या गाण्याला या दोन्ही ठिकाणी दार बंद होते.

विद्यार्थ्यांनी स्वतः अंक काढण्याची परंपरा मात्र महाराष्ट्रात चांगली रुजली. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक हाताने लिहून काढत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. शाळाशाळांतून हस्तलिखिते निघत. सुंदर अक्षराची मुलगी मजकूर उतरवी, चित्रकलेत पुढे असलेला मुलगा वेलबुट्टी काढी, आणि एकच प्रत वर्गभर फिरे. जिथे एवढेही जमत नसे तिथे फळ्यावर कागद डकवून भित्तिपत्रक होई. १९५० च्या दशकात मुंबईत ‘शब्द’ हे लघुनियतकालिक चक्रमुद्रित निघाले आणि कमी खर्चातही काही नवे उभे करता येते हे दिसले. मराठवाड्यात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात आणि त्याच्या अंकांतून दलित लेखकांची एक पिढी लिहिती झाली. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ याच भूमीतून आले. महाविद्यालयाचा अंक म्हणजे प्राचार्यांचे मनोगत आणि बक्षीस समारंभाचे फोटो, एवढीच ज्यांची समजूत आहे त्यांनी मिलिंदचा हा इतिहास लक्षात घ्यावा.

संगीताच्या बाबतीत विद्यार्थ्याला काय करता येते याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये स्वार्थमोर महाविद्यालयातल्या पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या मुलाने ‘क्रॉडॅडी’ नावाचे चक्रमुद्रित पत्र काढले. रॉक संगीताबद्दल गंभीरपणे लिहिणारे अमेरिकेतले ते पहिले नियतकालिक मानले जाते. ‘रोलिंग स्टोन’ त्यानंतर, १९६७ मध्ये आले. भारतात १९९३ साली अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले ते मुंबई-दिल्लीतून नव्हे, अलाहाबादहून. ब्रिटनमधल्या शाळांत माध्यम अभ्यास या विषयात संगीत मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला लेख तयार करणे हा अनेक वर्षे नेहमीचा प्रकल्प होता. भारतातही पत्रकारितेच्या वर्गांत नमुना अंक करून घेतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागल्याने अशा कामाला रीतसर जागा झाली आहे.

धाराशिव जिल्ह्यात हा सारा छापील इतिहास उशिरा पोचला. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले होते, आणि २०२३ मध्ये जुने नाव पुन्हा अधिकृत झाले. संस्थानात सरकारी शिक्षण उर्दूतून होते, सभा भरवायलासुद्धा आगाऊ परवानगी लागे, आणि मराठी छपाईला वाव फार थोडा. अशा दिवसांत लोहारा भागातल्या हिप्परगा गावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. मराठीतून शिकणे हेच जिथे धाडस होते, तिथे संगीताची मासिके निघतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

म्हणून या जिल्ह्याचे संगीत कागदावाचून वाढले, आणि भरघोस वाढले. तुळजापूरची भवानी हे गोंधळ्यांचे दैवत. कदमराई आणि रेणुराई या गोंधळ्यांच्या दोन परंपरा. पहिली भवानीला मानणारी, दुसरी माहूरच्या रेणुकेला. लग्नानंतर किंवा नवस फेडताना घरी गोंधळ घालतात. पाटावर धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटवतात. मुख्य गोंधळी ठिकठिकाणच्या देवतांना एकेक करून बोलावणे पाठवतो, मग आख्यान लावतो, साथीदार झील धरतात, आणि पहाटे आरती होते. साथीला संबळ, तुणतुणे आणि झांज. संबळ म्हणजे जोडून बांधलेले दोन लहान-मोठे नगारे. ते कमरेला बांधून काड्यांनी वाजवतात. एका काडीचे टोक वळवलेले असते आणि मोठ्या तोंडावर ती घासून वाजवली की घुमारदार आवाज येतो. तुणतुण्याला एकच तार. ती सूरही धरते आणि तालही, त्यामुळे तंबोऱ्याचे आणि टिपरीचे काम एकाच वाद्याने भागते.

गोंधळ्यांखेरीज आराधी आहेत. गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेतलेल्या आराध्यांचे मेळे देवीची गाणी म्हणतात. घटस्थापनेच्या सुमारास गावोगावची तरुण मुले तुळजापुरात भवानी ज्योत पेटवून ती धावत आपल्या गावी नेतात, आणि कोजागरीला सोलापूरच्या बाजूने पायी आलेल्या भाविकांनी तुळजापूरचे रस्ते भरून जातात. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. तेर येथे संत गोरोबाकाकांच्या समाधीपुढे चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास टाळ-मृदंगाचा गजर असतो. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वाली रंगते. वस्त्यावस्त्यांतून १४ एप्रिलच्या आगेमागे भीमगीते घुमतात. इतके संगीत एवढ्याशा आठ तालुक्यांत आहे, आणि त्यातले बहुतेक कोणत्याही मासिकाच्या रकान्यात बसलेले नाही.

अभ्यासकांनी याकडे पाहिले नाही असे नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या पुस्तकात गोंधळी, वासुदेव, पोतराज यांची परंपरा मांडली, आणि पुढे तुळजाभवानीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सरोजिनी बाबर यांनी लोकगीतांचे मोठे संग्रह सिद्ध केले. पण या कामात गाण्याचे शब्द आणि विधीचा अर्थ आला. चाल आणि ठेका बहुधा बाहेर राहिला. शब्दांबरोबर आवाजही जपण्याचे मोठे मराठी काम म्हणजे गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ओवी, गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण एकत्र पाहायला-ऐकायला मिळते. तरुणांसाठी संगीताचा अंक आखणाऱ्या कुणालाही यापेक्षा चांगला नमुना शोधावा लागणार नाही. गाणाऱ्या बाईचे नाव तिथे गाण्याइतक्याच मानाने येते.

धाराशिवमधल्या विद्यार्थ्यांनी असा अंक आखायचा तर पहिला निर्णय पानांचा. सोळा पानांचा एक फर्मा होतो. त्यामुळे सोळा किंवा बत्तीस पानेच परवडतात, अठरा नाही. दुसरा निर्णय वेळेचा. देवीचे वर्ष इथे गाण्याचे वर्ष आहे: आश्विनातले नवरात्र, पौषातले शाकंभरी नवरात्र, चैत्रातल्या यात्रा. अंक घटस्थापनेच्या आधी हाती यायचा असेल तर मजकूर श्रावणातच जमवायला लागतो, कारण नवरात्रात एकही संबळवादक बसून बोलायला मोकळा नसतो.

मुखपृष्ठाच्या बाबतीत सवयीने हात गिटार आणि हेडफोनच्या चित्राकडे जातो. इंटरनेटवरून उतरवलेले ते चित्र कुठल्याही गावच्या अंकावर चालते, म्हणजेच कुठल्याच गावचे नसते. त्याऐवजी संबळावर रोखलेला हात, काडीचे वळलेले टोक आणि चामड्यावर झालेला घासणीचा काळपट पट्टा एवढेच जवळून टिपलेले छायाचित्र अंकाचे काम पहिल्या नजरेत सांगते. अंकाचे नाव मोठ्या अक्षरात हवे, आणि त्या अक्षराला शिरोरेघ सुटसुटीत असलेला टाइप घ्यावा. मुक्त, बलू यांसारखे मराठी वळण सांभाळणारे टाइप आज फुकट उपलब्ध आहेत. अडचण येते ती छापखान्यात. तालुक्याच्या गावातले डीटीपीवाले अजून पुष्कळदा श्रीलिपीत आणि पेजमेकरमध्ये काम करतात. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर तिकडे नेला की जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, आणि स्वरलिपीच्या रेघा तर पार नाहीशा होतात. म्हणून स्वरलिपीची पाने चित्ररूपात किंवा पीडीएफ करून न्यावीत, आणि शेवटचे प्रूफ कागदावर काढून वाचावे.

संबळाचा ठेका छापणे हे या अंकाचे सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे पान. तबल्याला बोल आहेत, त्यांची लिपी शंभर वर्षे घासून गुळगुळीत झाली आहे. संबळासाठी विद्यार्थ्याला वादकासमोर बसून मात्रा मोजाव्या लागतात, वादक स्वतः तोंडाने ठेका कसा म्हणतो ते तसेच उतरवावे लागते, आणि लहान तोंड, मोठे तोंड, घासलेला ठोका यांसाठी तीन साधी चिन्हे ठरवावी लागतात. पलुस्करांनी लाहोरला आपल्या शिष्यांसाठी जे केले, त्याच जातीचे हे काम आहे. पानाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड दिला की मोबाइलवर ध्वनिमुद्रण ऐकत ठेका वाचता येतो. इथे तरुण वाचकाचा फोन अंकाच्या मदतीला येतो.

मजकुराचे काही नियम पाळावेच लागतात. जिवंत कवीचे भीमगीत किंवा चित्रपटगीत छापायचे तर परवानगी हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात. पारंपरिक गोंधळाच्या पदाला असा हक्कदार नसतो, पण ते ज्याच्या तोंडून ऐकले त्याची संमती घेणे, त्याचे नाव आणि गाव छापणे आणि ठरलेले मानधन देणे हे अंकाच्या खर्चाच्या पहिल्या ओळीत यावे. काही पदे विधीच्या वेळीच म्हणायची असतात. गोंधळी नको म्हणाला तर ते पद अंकात येत नाही. आख्यानाची कथा, वाद्यांची घडण, घरातली तालीम यांवर पाने भरता येतात.

छापायच्या प्रती थोड्याच असतात, त्यामुळे त्यांची वाटणी आधी ठरवलेली बरी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन, विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात एक, शहरातल्या आकाशवाणी केंद्रात एक, तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक. उरलेल्यांपैकी पहिल्या प्रती ज्यांची नावे आत छापली आहेत त्या गोंधळ्यांच्या, आराध्यांच्या, कव्वालांच्या घरी हाताने पोचवायच्या. टपालाने पाठवायच्या नाहीत, कारण घरात कुणी वाचणारे नसेल तर मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत अंक मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, आणि ठेक्याच्या पानावर काही चुकले असेल तर तिथल्या तिथे पेन्सिलीने दुरुस्त करून घ्यावे लागते.